रुग्णाशी नाते

परळमधील एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवून स्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी, देण्याआधी जो अर्ज भरून घेतात, त्यात वय, वजन, शेवटचे जेवण केव्हा झाले, गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली आहे का, कावीळ कधी झाली होती का, अशा प्रश्नांच्या ओळी संपल्यावर एक छोटा रकाना येतो : रुग्णाशी नाते. मी तो मोकळा सोडला होता. काचेपलीकडच्या मुलीने अर्ज परत सरकवला आणि म्हणाली, "मॅडम, हे राहिलं." मी म्हटले, "नातं काही नाही. व्हॉट्सॲपवर निरोप आला म्हणून आले." तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिले, पेन उचलले आणि माझ्याऐवजी स्वतःच 'मैत्रीण' असे लिहून शिक्का मारला. रुग्ण सात वर्षांची होती.

पुढचा दीड तास हात सरळ ठेवून पडून राहण्यापलीकडे मला काही काम नव्हते, आणि त्या वेळात तो रकाना डोक्यातून जाईना. कागदावर खोटे लिहिले गेले याची टोचणी नव्हती. कारकुनी कामात इतके चालायचेच. खुपत होते ते वेगळे. ती जागा मोकळी राहिली असती तर काय बिघडले असते? कोणतेही नाते नसताना कोणी अंगातले काही काढून देतो, ही गोष्ट त्या अर्जाला मान्य नव्हती, आणि माझ्या मनाला तरी ती पुरती मान्य आहे का, असा संशय मला तिथे पडल्या पडल्या येऊ लागला.

रकान्याला इतिहास आहे, हे मला ठाऊक होते. रक्त विकून पोट भरणारी माणसे एकेकाळी आपल्या शहरांतल्या रक्तपेढ्यांबाहेर उभी असत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर देशभर बंदी आली आणि ते चांगलेच झाले. मात्र त्यांची जागा भरून काढण्याचे ओझे बऱ्याच अंशी नातेवाइकांवर पडले : पिशवी हवी असेल तर आपला माणूस आणा. रक्ताच्या बाबतीत शिबिरे ही उणीव पुष्कळशी भरून काढतात, कारण तांबड्या पेशी शीतकपाटात पाच-सहा आठवडे टिकतात आणि गोठवलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, तर वर्षभर टिकतो. प्लेटलेटचे तसे नाही. त्यांना थंडी सोसत नाही. २० ते २४ अंश तापमानात, सतत हलत्या तबकांवर ठेवूनही त्या जेमतेम पाच दिवस जगतात. शिबिरातल्या रक्ताच्या एका पिशवीतूनही थोड्या प्लेटलेट निघतात, पण यंत्रावर एका माणसाकडून घेतलेल्या एका बॅगेची, म्हणजे रुग्णालयाच्या बोलीत एका 'एसडीपी'ची, बरोबरी करायला अशा पाच-सहा पिशव्या लागतात, आणि त्या पाच-सहा वेगवेगळ्या माणसांच्या असतात. ज्या मुलाची स्वतःची प्रतिकारशक्ती केमोथेरपीने धुऊन निघालेली आहे, त्याच्या अंगात शक्य तितक्या कमी परक्यांचे रक्त जावे, असे डॉक्टरांना वाटणारच. त्यामुळे गणेशोत्सवातल्या मांडवात किंवा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला रांग लावून, टिफिनचा डबा आणि प्रमाणपत्र घेऊन हे काम पुरे होत नाही. ज्या आठवड्यात लागणार त्याच आठवड्यात कोणीतरी उठून यावे लागते. आता हिंगोलीहून मुलीला घेऊन आलेल्या माणसाने मुंबईत आपला माणूस आणायचा कुठून? दोघे भाऊ आले होते म्हणे. एकाचे हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली भरले, दुसऱ्याचा प्लेटलेट काउंट दीड लाखाला पोहोचला नाही. दोघेही रात्रीच्या गाडीने परत गेले, कारण सोयाबीन काढणीला आले होते.

यंत्राचे काम सांगायला सोपे आहे. दूधसंघात मलई काढणारे यंत्र ज्या तत्त्वावर चालते त्याच तत्त्वावर हेही चालते : रक्त वेगाने फिरवायचे, जड पेशी बाहेरच्या बाजूला जातात, हलका प्लाझ्मा आत राहतो, आणि दोहोंच्या सीमेवर प्लेटलेटचा फिकट थर सापडतो. तेवढा थर काढून घेऊन बाकी सगळे पुन्हा त्याच शिरेतून आत सोडायचे. माझ्या दंडाला एकच सुई होती, म्हणून यंत्र आळीपाळीने ओढत आणि परत करत होते. ओढताना दंडावरचा पट्टा आवळला जाई आणि मी हातातला स्पंजाचा चेंडू दाबत असे. परत देताना पट्टा सैल होई आणि कोपरापासून खांद्याकडे गार काहीतरी सरकत जाई, कारण माझेच रक्त खोलीच्या वातानुकूलित हवेत फिरून माझ्याकडे येत होते. आपल्याच रक्ताचा गारवा आपल्याला जाणवावा, ही भावना रक्तदानात कधी येत नाही. तिथे काय गेले ते गेले; दहा मिनिटांत आपण उठून चहा पितो. इथे गेलेले परत येते, आणि येताना एक पाहुणा घेऊन येते. रक्त नळीत गोठू नये म्हणून मिसळलेले सायट्रेट शरीरातल्या कॅल्शियमला धरून ठेवते. आधी तोंडाला धातूची चव येते, मग वरच्या ओठाला मुंग्या. टेक्निशियनला ओठांकडे पाहूनच ते कळते की काय कोण जाणे. मी बोलण्याआधीच त्याने कॅल्शियमच्या दोन गोळ्या चघळायला दिल्या आणि पायांवर ब्लँकेट ओढले. समोरच्या टीव्हीवर आवाज बंद केलेली कुठलीशी मालिका चालली होती, त्यातली सासू कुणावर तरी संतापली होती, आणि नेमके तेव्हाच माझे नाक खाजू लागले. डावा हात मोकळा होता तरी उजवा हलेल या धास्तीने मी तो उचलला नाही. खोलीतले बाकीचे तिघे पुरुष होते. तिथे बहुधा पुरुषच असतात. आपल्याकडच्या बायकांचे हिमोग्लोबिन आणि बारीक शिरा या दोन्ही गोष्टी पहिल्याच टेबलावर त्यांना परत पाठवतात.

शेवटी टेक्निशियनने बॅग काढून ट्यूबलाइटसमोर धरली आणि हलकेच फिरवली. पिवळसर द्रवात एक मोतिया झाक वळसे घेत फिरली. प्लेटलेट जिवंत आणि चपट्या असल्या की प्रकाशात अशी झाक दिसते. मेल्या किंवा गोल झाल्या की ती जाते. "चांगल्या आहेत," तो म्हणाला. माझ्या कुठल्याच गोष्टीला इतक्या निर्विकारपणे चांगले म्हटलेले मला आठवत नाही.

या यंत्राच्या जन्मकथेत मात्र नात्याचा रकाना सहज भरता येतो. १९६२ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीतील जॉर्ज जडसन या अभियंत्याच्या तरुण मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला आणि त्याच्यावर बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत उपचार सुरू झाले. ल्युकेमियाची मुले त्या काळात बऱ्याचदा मूळ रोगाआधी रक्तस्रावानेच जात. हिरड्यांतून, नाकातून, आतड्यांतून रक्त वाहत राही. एमिल फ्रायराइख हे तिथले डॉक्टर ताज्या प्लेटलेट दिल्याने हा स्राव थांबतो हे दाखवून देत होते, पण एका दात्याकडून पुरेशा प्लेटलेट काढण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते. रक्त वेगळे करण्याची ती खटपट पाहून जडसन यांनी आपण होऊन मदत देऊ केली, आणि दोघांच्या सहकार्यातून १९६५ च्या सुमारास दात्याच्या शरीराला जोडून अखंड चालणारे रक्तपेशी वेगळ्या करणारे यंत्र उभे राहिले. ज्याने डॉक्टरी शिकलेली नाही अशा बापाने मुलाच्या खाटेशेजारी बसून, आपल्याला येते त्या कामाने, म्हणजे नळ्या, पंप आणि चाकांनी, उत्तर शोधायला घेतले. मला ही कथा आवडते, आणि किंचित त्रासही देते. आपला मुलगा आजारी नसता तर त्या माणसाने हे केले असते का? बहुधा नसतेच. जगातल्या कितीतरी परोपकाराच्या मुळाशी असा एखादा आप्पलपोटेपणा असतो, आणि त्यावाचून आपले भागतही नाही.

हिंगोलीचा तो बाप बाहेर बाकावर बसला होता. मी दंडाला पट्टी लावून आले तेव्हा तो उठला, आणि त्याने आभार मानले नाहीत. "ताई, काही खाल्लं का तुम्ही?" एवढेच विचारले. त्याच्या हातात ग्लुकोज बिस्किटांचा पुडा होता आणि कागदी कपात चहा. तो चहा त्याने किती वेळ धरून ठेवला होता कोण जाणे, वर साय धरली होती. मी उभ्याउभ्या प्यायले. मग तो मुलीविषयी बोलू लागला : हिरड्यांतून रक्त येते म्हणून पोळी खात नाही, भात कालवून द्यावा लागतो, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत खोली मिळाली हे नशीब. बोलता बोलता तो माझ्या पायांकडे वाकू लागला आणि मी झटकन मागे सरले. त्या क्षणी मला तिथून पळून जावेसे वाटले. रक्तदान मला का आवडते हे तेव्हा लख्ख कळले : त्यात पिशवीवर क्रमांक पडतो, ती कपाटात जाते, आणि कोणाच्या कृतज्ञतेसमोर उभे राहावे लागत नाही. परोपकार करावा, पण तो भेटायला येऊ नये.

प्लाझ्माची गोष्ट याआधीची आहे आणि ती माझ्या मनात अजून नीट बसलेली नाही.

२०२० च्या पावसाळ्यात कोविडमधून उठलेल्या माणसांना एकदम भाव आला होता. आमच्या रक्तात म्हणे विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे होती, आणि ती अत्यवस्थ रुग्णाला दिली तर तो वाचेल अशी आशा होती. महाराष्ट्र सरकारने 'प्लॅटिना' नावाचा मोठा प्रकल्प जाहीर केला होता. लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, त्यात रक्तदानाबरोबर प्लाझ्मादानही होते. मी लक्षणे जाऊन अठ्ठावीस दिवस उलटल्यावर दुसऱ्या एका रुग्णालयात गेले. तिथल्या तरुण डॉक्टरने मास्कआडून विचारले, "कधी गरोदर होता? एकदाही?" नाही. "गर्भपात वगैरे?" नाही. "छान," तो म्हणाला, आणि पुढचा रकाना भरू लागला. गरोदरपणात बाळाच्या अंगातल्या, वडिलांकडून आलेल्या खुणांविरुद्ध आईच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. तिचा प्लाझ्मा दुसऱ्याला दिला तर क्वचित ती त्याच्या फुप्फुसांवर उलटतात. म्हणून त्या काळात प्लाझ्मासाठी पुरुष किंवा कधीही गरोदर न राहिलेल्या स्त्रियाच घेत. ज्या उत्तरावर आजवर प्रत्येक लग्नकार्यात मावश्या-काकवांचे आवाज खाली आले होते, त्या उत्तराला आयुष्यात पहिल्यांदा कोणी छान म्हटले. मला हसू आले, बरे वाटले, आणि आपल्याला बरे वाटले याचा लगेच रागही आला. माझ्या मागे रांगेत एक परिचारिका होती, दोन मुलांची आई, स्वतः कोविड वॉर्डात काम करून आजारी पडलेली. तिला परत पाठवले. "आई झाले हा गुन्हा झाला का?" असे ती हसत म्हणाली, पण उभी राहिली तशीच थोडा वेळ.

माझा सुमारे चारशे मिलिलिटर प्लाझ्मा घेतला गेला. दोनशेच्या दोन मात्रा, चोवीस तासांच्या अंतराने, एकाच रुग्णासाठी. ते ठाण्याचे एक वृद्ध गृहस्थ होते. तीन आठवड्यांनी ते घरी गेले. त्यांच्या मुलाचा लांबलचक निरोप आला, त्यात मला देवीची उपमा होती. मी तो पुसला नाही, हे सांगायला हवे. ऑक्टोबरमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'प्लॅसिड' चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३९ रुग्णालये, ४६४ रुग्ण. प्लाझ्मा दिलेल्यांपैकी १९ टक्के आणि न दिलेल्यांपैकी १८ टक्के एकतर गंभीर झाले किंवा दगावले. म्हणजे फरक नाही. ते गृहस्थ माझ्यावाचूनही बहुधा घरी गेलेच असते. मला वाईट वाटले, पण खरा संताप आला तो पुढच्या एप्रिलमध्ये. दुसऱ्या लाटेत प्रत्येक फोनवर प्लाझ्मासाठीच्या याचना येत होत्या. कोणाचा मुलगा, कोणाची सून रात्री दोन वाजता अनोळखी माणसांना विनवत होती, आणि चाचणी होऊन सहा महिने उलटले होते. मे २०२१ मध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा अधिकृतपणे वगळला गेला. तोवर किती माणसे ऑक्सिजन शोधायचा वेळ प्लाझ्मा शोधण्यात घालवून बसली असतील, याचा हिशेब कोणी मांडणार नाही. दान पवित्र आहे म्हणून ते उपयोगी पडले का हे विचारायचे नाही, ही आपली सवय मला तेव्हापासून खटकते. शिवाय चाचणीत भाग घेणाऱ्या दात्यांचे दान मला अजिबात वाया गेलेले वाटत नाही. त्यांच्यामुळेच तर नाही हे उत्तर मिळाले.

म्हणून डेंग्यूच्या दिवसांत मी आता वाईटपणा घेते. आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घरोघर एकच आकडा विचारला जातो, काउंट किती. पपईच्या पानांचा रस, किवी आणि डोनर यांचा शोध एकदमच सुरू होतो. मागे डेंग्यू झालेल्या एका मामेभावाचा फोन आला : "काउंट अडतीस हजार, तू येतेस ना?" मी विचारले, कुठून रक्त जाते आहे का, डॉक्टर काय म्हणाले. "डॉक्टर म्हणतात थांबू या. पण आपण आपली तयारी नको का करून ठेवायला?" मी जाणार नाही असे सांगितले. डेंग्यूत कुठेही रक्तस्राव नसेल तर काउंट दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट देऊ नयेत असे आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. खरा धोका असतो तो प्लाझ्मा रक्तवाहिन्यांतून झिरपून रक्त घट्ट होण्याचा. त्यासाठी सलाइनचे काटेकोर माप लागते, आणि ताप उतरल्यावर काउंट आपोआप वर येतो. त्याचाही आला. पण मामीने पुढे कितीतरी महिने माझ्याशी धड बोलणे केले नाही, आणि तिचेही मला पटते. पोटचा मुलगा खाटेवर असताना टक्केवारी ऐकून घ्यायला कोणी तयार होत नाही. परक्या मुलीसाठी धावणारी बाई सख्ख्या मामेभावाला नाही म्हणते, यावर तिने काय निष्कर्ष काढला असेल तो तिच्या बाजूने योग्यच होता.

ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन फेब्रुवारी २०२५ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्याविषयीच्या बातम्या मी पुन्हा पुन्हा वाचत होते. चौदाव्या वर्षी छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत त्यांना पुष्कळ रक्त लागले होते. अठरा पूर्ण झाल्यावर आपणही देऊ असे त्यांनी ठरवले, आणि १९५४ ते २०१८ या काळात ११७३ वेळा दिले. त्यांच्या प्लाझ्मात सापडलेल्या दुर्मीळ प्रतिपिंडापासून अँटी-डीचे इंजेक्शन बनत असे, जे आरएच-निगेटिव्ह, म्हणजे निगेटिव्ह रक्तगटाच्या, आयांना दिल्यामुळे पुढची बाळे वाचतात. सुई शिरेत जाताना ते कधीही तिकडे पाहत नसत, इतकी त्यांना तिची भीती होती. एवढ्या बाळांशी त्यांनी कोणते नाते लिहिले असते? मला वाटते, त्यांनी लिहिलेच नसते. ते एक जुने देणे फेडत होते, आणि देणे फेडणाऱ्याला समोरच्याचे नाव लागत नाही, सावकार कधीचा निघून गेलेला असतो.

मुलीचे पुढे काय झाले हे मी विचारलेले नाही. बापाचा नंबर त्या निरोपात होता, अजूनही असेल. काही दिवस अंगठा त्यावर जाई आणि मी फोन ठेवून देई. चौकशी करणे माणुसकीचे आणि न करणे शहाणपणाचे, असे दोन्ही बाजूंनी मी स्वतःला पटवून झाले आहे, आणि दोन्हींत थोडा भित्रेपणा आहे.

पुढच्या खेपेला त्याच रक्तपेढीत एका मुलासाठी दिले होते, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी गेले तेव्हा सहज टेक्निशियनला विचारले, त्याला लागल्या का? त्याने नोंदवहीत पाहिले. नव्हत्या लागल्या. मुलाचा काउंट आपोआप सावरला, म्हणून मुदत संपण्याआधी ती बॅग वरच्या मजल्यावरच्या एका बाईंना दिली गेली. शस्त्रक्रियेनंतर त्यांचा रक्तस्राव थांबत नव्हता. "मुलाच्या आईला माहीत आहे?" मी विचारले. "कशाला सांगायचं? तिला वाटतं तुमच्यामुळे बरा झाला," तो म्हणाला आणि हसला. मग त्याने सुचवले की दर वेळी कोणाच्या तरी नावाने येण्यापेक्षा मी ऐच्छिक दात्यांच्या यादीत नाव घालावे. लागेल तेव्हा बोलावतील, लागेल त्याला देतील. दोन वेळांत निदान अठ्ठेचाळीस तास जायला हवेत आणि वर्षात चोवीसच्या वर घेत नाहीत, असे नियम. मी नवा अर्ज भरला. त्यात रुग्णाच्या नावावर आणि नात्याच्या रकान्यावर त्याने पट्टी ठेवून एक आडवी रेघ मारली. "शनिवारी नऊला या," तो म्हणाला, "पोटभर नाश्ता करून या, पण तेलकट नको. तेलकट खाल्लं की प्लाझ्मा दुधासारखा पांढरा येतो आणि बॅग टाकून द्यावी लागते." मी विचारले, पोहे चालतील का. पोहे चालतील म्हणाला, मिसळ नको.